वाळूजचा केसभर उशीर

सांगलीहून निघालेली आमची एस.टी. नगरपर्यंत घोड्यासारखी धावली आणि नगरच्या पुढे त्या घोड्याचं गाढव झालं. औरंगाबादला मी चार तास उशिरा पोचलो. त्यात नवल नाही. मी आयुष्यात कुठंही वेळेवर पोचलेलो नाही. माझ्या बारशाला पाळणा हलायला लागल्यावर मी आलो, असं आमची आत्या शपथेवर सांगते.

मांडीवर माझी ढोलकी होती. म्हणजे दिसायला जेवणाच्या डब्याएवढं एक जपानी खोकं. वर सोळा रबरी बटणं, कोपऱ्यात एक लाल दिवा. बोटीवर नोकरीला असलेल्या मावसभावानं आणून दिलेलं ते रिदम मशीन. बटण दाबलं की ढोलकी, बोंगो, खुळखुळा, हवं ते वाजतं. एक ठेका बटणांवर वाजवून ठेवला की मशीन तोच पुन्हापुन्हा वाजवत राहतं, न थकता आणि चहा न मागता. आपल्याकडे असं मशीन फक्त माझ्याजवळ आहे. कोल्हापुरात आणखी दोघांकडे आहे, पण ती माणसं हिशेबात धरण्यासारखी नाहीत.

मला बोलावलं होतं कौसल्याबाईंनी. त्यांची तिकडे गायन पार्टी आहे. नगरच्या एका कार्यक्रमात त्यांनी आमचा ऑर्केस्ट्रा ऐकला होता. पत्रात एवढंच होतं: ढोलकीवाल्याचा हात कंपनीत यंत्राखाली सापडला. विद्यापीठाच्या नामांतराची सभा जवळ आली. आमची पार्टी आजवर एकाही सभेला गायची राहिली नाही. ढोलकीवाचून उभं राहता येत नाही, मशीन घेऊन या.

बसस्थानकावर कडक बंदोबस्त होता. मोर्चे आणि बंद यांनी शहर तापलेलं. एका हवालदारानं माझी पिशवी उघडली, आतल्या वायरी बघितल्या आणि दोन पावलं मागं सरकला. हे काय, असं त्यानं लांबूनच विचारलं. मी म्हणालो, ढोलकी. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं आमचे हेडमास्तर पाहायचे.

शेवटी चहाच्या टपरीत प्लग लावून, सोबतच्या छोट्या स्पीकरवर मी ठेका सुरू केला. अख्खं स्थानक डोलायला लागलं. जालन्याची गाडी वेळेआधी सुटली, असं लोक सांगत होते. हवालदार मात्र शेवटपर्यंत ऐकून शांतपणे म्हणाला, "वाजतंय बरोबर. पण ढोलकी नाय ही."

मला राग आला. बरोबर वाजतंय तर मग नाही काय?

रिक्षावाले खानसाहेब दिलदार. आधी पोट, मग वाळूज, असं त्यांनीच ठरवलं आणि मला गल्लीबोळांतून नान-खलियावर (मोठी मऊ रोटी आणि मटणाचा झणझणीत पातळ रस्सा) नेऊन बसवलं. ती नान एवढी मोठी की निम्मी खाल्ली आणि निम्मी पांघरून झोपता आलं असतं. मग औरंगपुऱ्याची गर्दी मागं पडली. उजव्या हाताला लांबवर दौलताबादचा डोंगर, डाव्या हाताला ज्वारीची रानं, आणि त्या रानांतच पत्र्याच्या मोठमोठ्या शेडी उभ्या. एका बांधावर मेंढरं चरत होती आणि बांधापलीकडे कंपनीचा भोंगा वाजत होता. मेंढरांनी मान वर केली नाही. मीच दचकलो.

कौसल्याबाईंचं घर कामगारांच्या वस्तीत, दोन खोल्यांचं. बाई पन्नाशीच्या, उंच, आणि आवाज असा की "जयभीम, या" एवढंच म्हणाल्या तरी भांडी वाजली. त्यांचे दीर सुदाम कोपऱ्यात बसले होते. ढोलकीवाले ते हेच. वाळूजच्या एका कंपनीत पॉवर प्रेसवर काम. उजव्या हाताला बँडेज. दोन बोटांची पेरं गेलेली. ढोलकी शेजारी, वर टॉवेल टाकलेला.

मी मशीन लावलं. बाईंनी गाणं धरलं. दुसऱ्या ओळीला थांबल्या. पुन्हा धरलं, पुन्हा थांबल्या.

मी वेग कमी केला, वाढवला. बोंगो घातला, खुळखुळा काढला. एक वेळ सोळाही बटणं एकदम लावली. शेजारच्या घरातून कुणीतरी काय पडलं म्हणून विचारायला आलं. ठेका घड्याळासारखा बिनचूक चालला होता आणि गाणं मात्र उभंच राहीना. माझं डोकं चालेना. चूक सापडली तर दुरुस्त करता येते. इथं चूकच नव्हती.

"मास्तर," बाई दमून म्हणाल्या, "ह्याच्यासंगं गायचं म्हंजे कवायत करायची. उद्या आम्ही उभं नाय राहात. दुसऱ्या पार्टीला निरोप देते."

 आता सुदाम सरकत पुढं आले. डाव्या हातानं बटणं चाचपली आणि म्हणाले, मला वाजवू द्या. मी मशीनला नोंद घ्यायला लावलं. त्यांनी डाव्या हातानं आपला उजवा हात वाजवला, म्हणजे चाटेचे (ढोलकीच्या बारीक तोंडाचे) बोल. वाजवताना ते इतके गोड होते की बाईंची मान आपोआप हलली. मग मी मशीनला तेच परत वाजवायला लावलं.

आली तीच कवायत.

"हे माझं नाय," सुदाम म्हणाले.

मी म्हणालो, तुमचंच आहे, मशीनला पदरचं काही घालता येत नाही. त्यांनी पुन्हा वाजवलं. मशीननं पुन्हा कवायत केली. असं पाचसहा वेळा झालं. मशीन खोटं बोलत नाही, हे मी आईची शपथ घेऊन सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. बँडेजकडे बघत ते म्हणाले, "मग वैनी, माझाच हात गेला म्हनायचा. आपल्याला वाटलं दोनच बोटं गेली."

कौसल्याबाई उठून चुलीकडे गेल्या. निरोप सकाळी धाडू म्हणाल्या आणि भाकरी-ठेचा वाढला. ठेचा असा की माझ्या कानातून धूर निघाला. पण त्या दिवशी मला अतिशयोक्तीतही मजा येईना.

सकाळी सुदामना कंपनीत दवाखान्याचा कागद द्यायचा होता. मीही गेलो. पहिल्या पाळीच्या बसगाड्या रिकाम्या होत होत्या. गेटसमोरच्या हॉटेलात चहा घेत बसलो. भिंतीपलीकडून प्रेसचे ठोके येत होते, धाड, धाड, धाड. टेबलावरच्या बशीतला चहा प्रत्येक ठोक्याला थरथरत होता.

सुदामनी चमचा उचलला आणि त्या ठोक्यांवर हळूच बशी वाजवायला लागले. आणि मी सांगतो, एवढ्यात ती प्रेस गायला लागली. तोच धाड, पण आता त्यात लचक आली.

काय केलंत, मी विचारलं.

"काय नाय. प्रेसवर असंच असतं. पायानं दाबलं की ठोका. ठोका वर गेला की पत्रा काढायचा. पण लगेच हात नाय घालायचा. केसभर थांबायचं. अकरा वर्षं मी केसभर थांबूनच हात घातला. ढोलकीवरबी हात तसाच पडतो."

मग त्या दिवशी काय झालं, हे मी विचारायला नको होतं. पण विचारलं.

त्यांनी चमचा खाली ठेवला. "त्या दिवशी थांबलो नाय. बरोब्बर तिच्या ठोक्यावर गेलो."

मी चहा तसाच ठेवला. माझ्या डोक्यात तो लाल दिवा पेटला होता. मावसभावानं मशीन दिलं तेव्हापासून तो कायम लागलेला असायचा. मला तो शुभ वाटायचा. कार्यक्रमाआधी मी त्याला नमस्कारही करायचो. सोबतच्या इंग्रजी पुस्तकात त्याबद्दल काहीतरी होतं. पुस्तक मी वाचलं नव्हतं, पिशवीच्या तळाला टाकलं होतं. कौसल्याबाईंकडे धावत येऊन ते काढलं, आणि शेजारच्या घरातल्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून वाचून घेतलं. दिवा लागलेला असला की वाजवणाऱ्याचा प्रत्येक ठोका मशीन आपणहून सरळ करून घेतं. मागं पडलेला पुढं, पुढं गेलेला मागं, सगळे बरोब्बर रेषेवर. मशीन खोटं बोलत नव्हतं, सुधारणा करत होतं.

ऐकून कौसल्याबाई माझ्यावर ओरडतील असं वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "कामून (कशासाठी)? आमच्या हाताला सरळ करायला ह्याला सांगितलं कुणी?"

 मी दिवा बंद केला.

सुदामनी पुन्हा वाजवलं. मशीननं परत वाजवलं ते त्यांचंच, उशिरासकट. काही बोल जोरात, काही नुसते पुटपुटलेले. ते खोक्याकडे टक लावून बघत राहिले. मग ढोलकीवरचा टॉवेल काढला, आणि मशीनमध्ये आपला उजवा हात वाजत असताना डाव्या हातानं ढोलकीच्या जाड तोंडावर धूम दिली. दोन्ही हात परत एकत्र आले. बाईंनी मधेच गाणं धरलं आणि शेवटपर्यंत नेलं. दुसऱ्या पार्टीला निरोप गेला नाही.

संध्याकाळी मैदानावर लाखभर लोक होते. बरं, हजारभर. कौसल्याबाई नामांतराचं गाणं गात होत्या, मैदान टाळ्या देत होतं आणि सुदाम मशीन मांडीशी घेऊन बसले होते. कडेला बंदोबस्तात तो स्थानकावरचा हवालदार उभा होता. त्याची काठी बुटावर आपोआप पडत होती. ध्यानात येताच त्यानं ती बगलेत घट्ट धरली.

दुसऱ्या दिवशी निघताना सुदामनी मशीन टॉवेलनं पुसून माझ्या हातात दिलं. मी ते परत सरकवलं. म्हणालो, हे आता बिघडलं, दिवा लागत नाही, आमच्या ऑर्केस्ट्राला उपयोगाचं नाही.

"वैनी," सुदाम आत ओरडले, "हा मानूस लई खोटं बोलतो." पण मशीन त्यांनी आत नेलं.

घरी आल्यावर मशीन कुठं आहे म्हणून ज्यानं विचारलं त्याला मी वेगळी गोष्ट सांगितली. एकाला चोर, एकाला गोदावरीचा पूर, एकाला दौलताबादचा वाघ. खरी एकालाच सांगितली. तोच हसत सुटला. असो.

मला मात्र अजून एक उलगडत नाही. परतीच्या गाडीत रिकामी पिशवी मांडीवर घेऊन, इंजिनाच्या ठोक्यावर मी बोट वाजवत होतो. केसभर थांबायचं, एवढंच. सबंध आयुष्य ज्यानं उशीर करण्यात घालवलं, त्याला हे अवघड असू नये. नगर गेलं, पुणं गेलं, सातारा गेला. बोट दर वेळी बरोब्बर ठोक्यावर पडत होतं.