विरोध केला त्यानेच सांगायचं

पक्षाच्या जिल्हा समितीत ठरावाच्या विरोधात बहुतेक वेळा एकच हात वर असायचा, मामांचा. दौंडला रेल्वेत केबिनमधून रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन म्हणून उभी हयात घालवलेला हा माणूस बैठकीत असा भांडायचा, की पुढ्यातला चहा गार व्हायचा. मतदानात हरले की तोच चहा एका घोटात संपवून म्हणायचे, "आता शाखेत सांगायला मी जातो."

ही पद्धत त्यांनीच पाडली होती. निर्णयाला सर्वात जास्त विरोध ज्याचा, त्यानेच तो खाली जाऊन समजावायचा. मी शिरूरच्या अंगणवाडी सेविकांच्या संघटनेतून समितीवर नवीन आले होते. मला हे अजब वाटलं. विचारलं, तर म्हणाले, "अगं सुनंदा, जो लगीच हो म्हणला त्याला लोकांचे प्रश्न कुठं म्हाईत? मला समदे पाठ हायत. मीच इचारलेत."

पॉलिटब्यूरो, केंद्रीय समिती असे शब्द आले की आमच्या केंदूर गावच्या शाखेतल्या बायका चुळबुळ करायला लागायच्या. एकीने मात्र तोंडावर विचारलं, "मामा, दिल्लीत बसून त्यांना आमचं काय दिसतंय?"

"केबिनमधनं मला माझाच सिग्नल दिसायचा," मामा म्हणाले. "वरच्या कंट्रोल हापिसाला सगळी लाईन दिसती. म्हणून त्याचं ऐकायचं. पर स्टेशनातनं फोनच गेला न्हाई, तर कंट्रोल आंधळा. फोन करायचं काम तुमचं." मग नीट उलगडून सांगत: अधिवेशनात आपले प्रतिनिधी केंद्रीय समिती निवडतात, ती समिती पॉलिटब्यूरो निवडते, आणि समितीच्या दोन बैठकांमधला कारभार पॉलिटब्यूरो बघतं. "आपणच बसवल्याली माणसं हायत ती. देव न्हाईत."

नगरपालिकेच्या एका निवडणुकीत रेल्वे वसाहतीच्या वॉर्डातून मामांचं नाव जवळजवळ नक्की होतं. वरून आघाडीचं धोरण आलं आणि जिल्हा समितीने ती जागा मित्रपक्षाला सोडली. मामा दुपारभर भांडले, हरले, चहा प्यायले. दुसऱ्या दिवशी त्याच उमेदवारासाठी दारोदार हिंडत होते.

चौकात एकाने टोमणा मारला, "काय मामा, नवरदेवाचा करवला झाला व्हय?"

"वरात निघालीय. तू बी चल की नाचायला!"

शाखेतल्या पोरांनी खोदून विचारलं, "तुमचं सोताचं मत काय हुतं?"

"ते जिथं द्यायचं तिथं देऊन आलोय. हितं निर्णय सांगायला आलोय."

मग केंद्रीय समितीने वयाची अट घातली. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांनी समित्यांमधून बाजूला व्हायचं. मामाही त्यात आले. जिल्हा समितीत तो विषय निघाला, तेव्हा मामांचा हात सगळ्यांबरोबर बाजूने वर गेला. विरोधात मी एकटी. मामा नसतील तर दौंडची शाखा विस्कटेल, त्यांच्यापुरती सूट मागू, असं मी जीव तोडून सांगितलं. हरले. मामांनी माझा गार झालेला कप माझ्याकडे सरकवला.

"पी. आन् सकाळची दौंडची एसटी पकड."

दौंडला शाखेची खोली भरली होती. मामा शेवटच्या रांगेत, साधे सभासद म्हणून. मी निर्णय सांगितला. नव्या माणसांना शिकायला जागा मिळाली पाहिजे, हेही सांगितलं. प्रश्नांची सरबत्ती झाली; एकही मला नवा नव्हता. शेवटी एक तरुण रेल्वे कामगार चिडून उठला. "ताई, तुमचं मत काय होतं ते सांगा."

उत्तर तयार होतं. "ते जिथं द्यायचं तिथं देऊन आलेय."

शेवटच्या रांगेतून हात वर झाला.

"कॉम्रेड," मामा म्हणाले, "तुम्ही मला समितीतनं मोकळं केलंत, ठीक. आता शाखेत काम काय देणार?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच तुम्ही म्हटलं होतं.

"नव्या पोरांना बैठकीत भांडायला शिकवा," मी म्हणाले.

"मग तसा ठराव मांडा. माझा विरोध हाय."

ठराव मंजूर झाला. विरोधात एकच हात. मामांनी पुढ्यातला गार चहा एका घोटात संपवला आणि समजावून सांगायला पोरांसमोर येऊन बसले.