काखेखालचा दोर

आमच्या पथकाला माणसं वर काढता येत होती, पण मेलेली. घाटात गाडी खाली गेली, धरणात कुणी बुडालं, कड्यावरून कुणी पडलं, की पोलीस आमच्या अध्यक्षांच्या दुकानात फोन करायचे. अध्यक्षांचं भोरला हार्डवेअरचं दुकान होतं. दोर तिथलाच, फोन तिथलाच, आणि पथकाचं नावही दुकानाच्या शटरवरच रंगवलेलं. पंधरा-सोळा जण होतो. बहुतेक शेतकरी आणि दुकानदार, एक वेल्डिंगवाले मिस्त्री, आणि मी. मी नर्स. विंझरला खोली घेऊन राहायचे आणि आजूबाजूच्या गावांत लसी, बाळंतपणं बघत हिंडायचे. प्रेत बाईचं असलं की पुरुष हात लावायला कचरायचे, म्हणून मला बोलावणं यायचं. पथकात मी अशी आले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा घळीत उतरून माणूस सोडवायचं दोन दिवसांचं शिबिर घ्यायचं ठरलं. कल्पना माझी होती. सगळ्यांना वाटलं, बाईंना कामाची भारी आवड. मला का हवं होतं ते मी कुणाला सांगितलं नाही.

त्याच्या दोन उन्हाळे आधी वेल्ह्याच्या पलीकडं एका घळीत एक तरुण सून पडली होती. हिरडा काढायला गेली, फांदी ओढताना पाय सुटला. चाळीसेक फुटांवर एका खडकाला अडकली. आम्ही पोचलो तेव्हा ती जिवंत होती. मांडी मोडलेली, पण पाणी मागत होती. गर्दी नको म्हणून पोलीस पाटलांनी गावकऱ्यांना मागं टेकाडावर थांबवलं होतं, त्यामुळं तो आवाज ऐकला तो आम्हीच. दोघं खाली उतरले. त्यांनी नेहमीसारखा दोर तिच्या काखेखालून छातीभोवती बांधला आणि वर इशारा केला. प्रेतं आम्ही तशीच काढायचो. प्रेताला श्वास घ्यायचा नसतो.

दोर कपारीत अडकला. आठ जण ओढत होते, तो वर येईना. ती मधेच लोंबकळत राहिली. आधी कण्हणं ऐकू येत होतं, मग घरघर, मग तीही थांबली. मी काठावर पालथी पडून बघत होते. छाती अशी आवळली तर माणूस गुदमरतं, हे मला शिकवलेलं होतं. ‘खाली सोडा’ एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण अध्यक्ष ‘एकदम, एकदम’ करत होते, आठ पुरुष घामाघूम झाले होते, आणि मी फक्त बायकांच्या प्रेतांपुरती आणलेली. मी गप्प राहिले. ती वर आली तेव्हा नाडी नव्हती.

अध्यक्ष माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, “दोर लागायच्या आधीच गेली होती, सिस्टर.”

मी मान हलवली. पंचनाम्यात तेच आलं. पुढं तालुक्याच्या एका कार्यक्रमात आमचा सत्कार झाला. शाल आणि नारळ मलाही मिळाला. नारळ मी घरी आणून फोडला, खोबरं भाजीत घातलं आणि खाल्लं. कशाला खोटं सांगू.

शिबिराची आखणी मी विंझरच्या खोलीत केली. संक्रांतीनंतरचा शनिवार-रविवार धरला, कारण तेव्हा घळीत पाण्याची नुसती धार असते आणि खडक कोरडे असतात. शाळेच्या खोल्या मागून घेतल्या. भाकऱ्या गावातल्या बायका करून देणार होत्या. शनिवारी शाळेच्या आवारात गाठी, कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा बांधणं, मोडलेल्या हाडाला फळी बांधणं. रविवारी प्रत्यक्ष घळ. वहीत मी कुठल्या गटाला कुठला दोर, कुठल्या झाडाला बांधायचा, इथपर्यंत लिहिलं होतं. बाळंतिणीच्या नोंदी करायची सवय, त्यामुळं अक्षर नीट आणि रकाने सरळ.

ओढणाऱ्या आठांत मिस्त्रीही होते. भोरचे मुसलमान, पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्या दिवसाचा विषय त्यांनी माझ्याकडं कधी काढला नाही. आखणी चालू असताना एका दुपारी ते टेम्पोतून पाइपचं स्ट्रेचर घेऊन विंझरला आले. स्वतः जोडलेलं, खाली नवार ताणून बसवलेली. मला म्हणाले, जरा झोपून बघा. मी झोपले. त्यांनी पट्टे आवळले, छातीवरचा पुन्हा सैल केला, आणि विचारलं, “बाई, श्वास येतो ना नीट?”

मी म्हटलं, येतो. ते बराच वेळ तो पट्टा मागं-पुढं करत बसले.

शिकवायला पुण्याहून गिर्यारोहण शिकवणारे एक गृहस्थ येणार होते. आधी ते भोरला दुकानात बैठकीला आले. शांत माणूस. त्यांनी एकच गोष्ट विचारली. मागं एखाद्या वेळी काही चुकलं असेल तर ते सांगा, म्हणजे शिबिर त्यावरूनच आखू. अध्यक्ष म्हणाले, देवाच्या कृपेनं आमच्याकडून चूक अशी कधी झाली नाही. मिस्त्री शटरकडं बघत होते. मी चहाचे कप गोळा करायला लागले. खरं तर तो माझा उद्योग नव्हता, दुकानात नोकर होता.

तरी मी वेळापत्रकात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, ‘मागील घटनेचा आढावा, एक तास’. अध्यक्षांनी ते लाल पेनानं खोडलं आणि वर लिहिलं, ‘दीपप्रज्वलन व सत्कार’. प्रथमोपचाराला जेवणानंतरचा जेमतेम अर्धा तास उरला. मी विरोध केला नाही. मनात कुठंतरी सुटल्यासारखंच वाटलं, आणि त्याची चीड अजून येते.

शिबिराला जे बावीस जण आले त्यांत त्या मेलेल्या सुनेचा धाकटा भाऊ होता. तिचं माहेर माझ्याच कामाच्या हद्दीत, विंझरपासून जवळ. ती गेली तेव्हा हा पुण्यात हॉटेलात कामाला होता. नंतर गावी परतून शेती बघायला लागला. त्यानं स्वतःहून पथकात नाव घातलं होतं. ज्यांनी माझ्या बहिणीला वर आणलं त्यांचं ऋण आहे, असं तो सगळ्यांना सांगायचा. अध्यक्ष त्याला पाहुण्यांसमोर उभा करायचे.

शनिवारचा सत्कार बारापर्यंत चालला. नंतर पुण्याचे गृहस्थ शाळेच्या चिंचेखाली आले. त्यांनी फांदीवरून दोर टाकला आणि म्हणाले, आधी कसं बांधायचं नाही ते बघा. काखेखालून छातीभोवती दोर घेऊन ते स्वतः जमिनीपासून वीतभर वर लटकले, थोड्या वेळानं उतरले आणि आणखी कुणाला बघायचंय का म्हणून विचारलं. तो भाऊ पुढं झाला. मी त्याला अडवू शकले असते.

त्याला उचललं. दोन माणसं खाली धरायला उभी होती. पहिल्यांदा तो हसत होता. मग हसू गेलं. मिनिटभरही झालं नसेल, त्यानं हातानं खाली घ्या म्हणून सांगितलं. तोंडातून शब्द फुटत नव्हता. खाली आल्यावर तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. गृहस्थ सगळ्यांना सांगत होते, असं टांगलेलं माणूस फार वेळ टिकत नाही, जखमी असलं तर मुळीच नाही. भावानं शर्ट वर करून काखेत बघितलं. लाल वळ उठला होता. तो वळाकडं बघत राहिला, आणि मला कळलं, त्याला कळलंय.

दुपारी मी हापशावर हात धूत होते तेव्हा तो आला.

“शिस्टर, आक्काला आंगूळ घालताना आयला तिच्या काखंत काळं वळ दिसलं हुतं,” तो म्हणाला. “पडताना खरचटलं आसंल म्हनून आमी सोडून दिलं. तिला अशीच बांदली हुती का?”

“हो.”

“वर येताना जित्ती हुती?”

“होती.”

“तुमी तितं हुता.”

“होते.”

“तुमाला कळत हुतं?”

मी म्हटलं, कळत होतं.

“मंग तुमी का न्हाई बोलला?”

‘घाबरले’ असं म्हणाले असते तर ते खरं झालं असतं. पण तेवढंही बोलले नाही. त्यानं हापसा मारला, मी धुतलेले हात त्या पाण्यात पुन्हा धुतले, आणि तो निघून गेला.

मला वाटलं तो घरी जाईल. पण रविवारी सकाळी तो घळीत आला. रोगी कोण होणार विचारल्यावर त्यानंच हात वर केला. मिस्त्रींच्या स्ट्रेचरवर त्याला बांधलं, खालून दोघं सोबत, वर चार जण टप्प्याटप्प्यानं ओढत होते. एकदा दोर खडकाला घासायला लागला तेव्हा गृहस्थ ‘थांबा’ म्हणाले आणि सगळे लगेच थांबले. इतकं सोपं होतं ते. तो न हलता वर आला. टाळ्या वाजल्या. अध्यक्षांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यानं पट्टे सोडले, त्यांच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही, आणि पायवाटेनं चालत गेला. समारोपाला तो नव्हता.

आठवड्यानं त्याचे वडील भोरला दुकानात गेले. अध्यक्षांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, त्या बाईंचं डोकं ठिकाणावर नसतं, एकट्या राहतात. हे मला मिस्त्रींनी येऊन सांगितलं. त्यांनी वडिलांना गाठून खरं काय ते सांगितलं होतं आणि पथक सोडलं होतं. मला कुणी काढलं नाही. फक्त निरोप यायचे थांबले. पुढं एकदा घाटात जीप खाली गेली, तीत दोन बायका होत्या. मला ते तिसऱ्या दिवशी वेल्ह्याच्या एसटीत कंडक्टरकडून कळलं.

त्या भावाच्या घरात मात्र मला जावंच लागायचं. मेलेल्या सुनेची मुलगी आजोळी वाढत होती आणि तिचा डोस राहिला होता. मी गेले तेव्हा तिची आजी ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं मला बसायला पाट दिला. मुलीला मांडीवर धरलं. मी सुई भरत असताना म्हणाली,

“आमी म्हनत हुतो, पडून मेली. नशीब म्हनलं की माणूस गप बसतंय. आता पोरगा जेवताना बी दात खातोय. तुमी त्ये आमच्यासाठी न्हाई सांगितलं, बाई. तुमाला जड झालं हुतं म्हनून सांगितलं.”

मी डोस दिला. मुलगी रडली. कार्डावर सही केली आणि ताप आला तर काय करायचं ते सांगितलं. आजीनं ऐकून घेतलं, चहा केला नाही.

आता ते शिबिर दरवर्षी होतं. काखेखालून दोर बांधायचा नाही हे पहिल्या तासालाच शिकवतात, असं ऐकते. का, ते सांगत नसणार. पोरगी शाळेत जायला लागेपर्यंत मी तिच्या डोससाठी आणखी दोनदा गेले. आजी दर वेळी तिला धरायची आणि दुसरीकडं बघायची. नंतर जायचं कारण उरलं नाही, आणि कारण नसताना मी गेले नाही.