सातव्या मजल्यावरचं आवताण

माझ्या हळदीला डीजे आणायचं भावानं ठरवलं. आत्या आमच्या गावची धवलारीण. लग्नघरी तिनं धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी आवताण दिलं, की मगच नवरीला हळद लागायची. भावानं डीजेच्या आधी तिला थोडा वेळ दिला होता, मोठे उपकार केल्यासारखा.

कामोठ्यात आमच्या भातशेतीवर तोवर इमारतींचे सेक्टर उभे राहिले होते. जुनं घर पाडून आम्ही सातव्या मजल्यावर राहायला आलो. बाबा त्याआधीच गेले. या घराचं दारही त्यांनी पाहिलं नाही. हळदीला बाबा यावेत, एवढंच मला हवं होतं. शिकल्यासवरल्या मुलीनं असं म्हणू नये, पण त्या दिवशी मी तशीही अर्धी स्वप्नातच होते.

संध्याकाळी खाडीवरचा वारा घरात शिरला आणि आत्या गाऊ लागली. वेशीवरचा देव आला, खाडीवरचा आला, आजा-आजी आले. बाबांच्या नावाशी मात्र ती थांबली.

"काय झालं गं?" मी घाबरून विचारलं.

"तुजा बापूस या घरान कदी आलाच नाय. तो बिचारा गेटाशीच उभा र्‍हाईल. लिफ्ट त्याला काय ठावं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. आत्या उठली आणि गात गातच खाली गेली.

नवरीनं पाटावरून उठायचं नसतं, तरी मी गॅलरीत धावले. खाली पिवळ्या उजेडात आत्या रस्त्याकडे तोंड करून हातानं बोलावत होती. पूर्वी तिथं आमचा बांध होता. मग ती वळली आणि मागे बघत बघत सावकाश गेटातून आत आली.

आम्ही सगळे लिफ्टसमोर जमलो. लिफ्ट वर आली, दार उघडलं. आत कुणीच नव्हतं.

खालच्या जिन्यातून आत्याचा धापा टाकणारा आवाज आला, "सरा बाजूला! समदी हायत आत. मला जागाच नव्हती!"

डीजेवालेसुद्धा भिंतीला चिकटले. दार मिटू लागलं, तसा भावानं मध्ये हात घातला. त्याचे डोळे भरले होते.

"थांबा रे जरा," तो म्हणाला, "बाबांचे गुडघे दुखतात."