भक्त आणि भात

बळीराम गुरुजी गेल्याचं मला साकोलीच्या बसस्टँडवर कळलं. गावाकडचा एक ओळखीचा माणूस म्हणाला, "तुमचे संस्कृतवाले गुरुजी गेले जी..." माझी बस लागली, सुटली, मी बाकावरच बसून होते.

आमची घरं तलावाच्या पाळीवर, बांधालगत. बाबा मासे धरायचे, पण गळा असा की सप्ताहात भजनाला तेच पुढे. काल्याच्या दिवशी जेवायला मात्र आम्ही देवळामागे, वेगळ्या पंगतीत. सत्तरच्या दशकात त्याचं कुणाला काही वाटत नसे. मी दहावीत होते. गुरुजींनी फळ्यावर 'भक्त' लिहिलं आणि मी विचारून बसले, "माह्या बाबासारखं भजन कोणी म्हणत नाही. मंग भक्तांच्या पंगतीत आमाले काहून बसवत नाही?"

खडू थांबला. "कोश पाहून सांगतो," एवढंच म्हणाले. तसा भित्रा माणूस, मुख्याध्यापकांसमोर आवाज फुटायचा नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं, "मूळ धातू भज्. म्हणजे वाटणे, वाटा घेणे. भक्त म्हणजे वाटून दिलेलं अन्न, शिजवलेले तांदूळ. आपला 'भात' त्यातूनच आला. आणि देवाचा वाटेकरी झाला तोही भक्तच." मग खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "एकट्यानं होता येत नाही गं ते..."

त्या वर्षी काल्याला गुरुजी पत्रावळ उचलून देवळामागे आले आणि बाबांशेजारी मांडी घालून बसले. देवळाचे पंच म्हणजे त्यांचे घरमालकच. ते धावत आले, "गुरुजी, तुमची पंगत तिकडं हाये!"

"माझी इथंच आहे. वाढा."

बाबा कुजबुजले, "तुमाले तरास होईन जी."

"झाला तर वाटून घेऊ."

त्रास झालाच. आठवड्यात खोली सोडावी लागली. वर्षभर ते शेजारच्या एकोडी गावाहून सायकलनं शाळेत येत राहिले. पुढच्या काल्याला मागे आणखी दोन शिक्षक बसले, आणि त्यांच्या पलीकडे, काठी टेकत आलेली घरमालकांची म्हातारी आई! ऐंशी उजाडलं तोवर मागची पंगत उरलीच नव्हती. बाबा देवासमोर बसून जेवले, ते मी पाहिलं.

परवा गुरुजींच्या बायकोला, काकूंना भेटायला गेले. त्या गंजातला, म्हणजे पातेल्यातला भात उकरत होत्या, एकटीच्या मानानं खूपच होता. माझी नजर पाहून म्हणाल्या, "दोन माणसं जास्तीचा टाकाची सवय यायनंच लावली. हात आयकत नाही आता... बस, जेवून जाय."

तेवढ्यात शेजारची सून हाक मारत आत आली. काकूंनी तिसरं ताट घेतलं.