उसनी वाटी

आपण जन्मात कुणाकडं उसनं मागितलं नाही, हे सांगताना माळेगावचे दत्तोबा मिशीला पीळ देतात. म्हणूनच, घरात कारखान्याच्या साखरेचं पोतं असूनही बायको लीलाबाई अधूनमधून शेजारून वाटीभर साखर आणते, याचा त्यांना भारी राग.

परवा कॅनडातून मुलाचा, ऋषिराजचा फोन आला. बँकेनं गाडीचं कर्ज नाकारलं होतं. का, तर त्यानं आजवर उधारीच केलेली नाही. आधी छोटं क्रेडिट कार्ड घे, खर्च कर, वेळेवर फेड, मग बघू, असं बँक म्हणाली.

"कर्ज न्हाय म्हणून पत न्हाय? खुळी हायती का ती?" दत्तोबा तडकले.

"बरुबर हाय की त्यांचं," लीलाबाई म्हणाल्या. "नेलेलं परत केल्याबिगर माणूस कळायचा कसा? मी उगंच वाटी घेऊन जाते व्हय?"

"माझी पत बघ आता," म्हणत दत्तोबा स्वतःच वाटी घेऊन निघाले आणि शेजारच्या दारात ताठ उभे राहिले.

शेजारीण वाटीकडं बघतच राहिली. "तात्या, काकूंनी पाठवलंय नव्हं?"

दत्तोबांनी वाटी पुढं केली. "व्हय."

वाटी शिगोशीग भरून मिळाली.