वायरमनच्या घरातला जॉइंट

आमच्या गल्लीत वीज आली ती वायरमनच्या हातून. खांब आणि तारा वरून आल्या, पण खांबावरचा उजेड उतरवून माणसांच्या उशाशी आणून ठेवला तो त्याने. अंगाने काटकुळा, शिडीवर चढला की शिडीचाच एक दांडा वाटायचा. खिशात टेस्टर असायचा. कुठल्याही घरात शिरला की आधी तो टेस्टर बटणांच्या बोर्डात खुपसायचा, त्यातला बारीक दिवा लागला की मान हलवायचा आणि मगच "काय, बरं आहे ना?" म्हणून घरच्यांकडे वळायचा.

जॉइंट करावा तर त्यानेच. दोन तारांची टोकं सोलून, एकमेकींत पिळून, वर पट्टी अशी गुंडाळायचा की आईने लेकराच्या बोटाला चिंधी बांधावी. त्याने जोडलेली तार कधी तापली नाही, कधी सुटली नाही. हे त्याला माहीत होतं, आणि आपल्याला ते माहीत आहे हे तो कुणाला विसरू देत नसे.

त्याच्या घरी त्याचा मेहुणा राहायचा. बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, धाकटा भाऊ. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. सगळी गल्ली त्याला मामा म्हणायची. हातांनी बोलायला त्याला कुठल्या शाळेने शिकवलं नव्हतं. बहीणभावांनी लहानपणी आपली आपणच एक भाषा करून घेतली होती. पाण्याची खूण, पावसाची खूण, रागावलेल्या बापाची खूण. गल्लीतल्या पोरांना त्यातल्या दहा-वीस यायच्या, त्यातल्या निम्म्या शिव्या. वायरमनला जेवण, झोप, ये, जा एवढं जमायचं. पुढचं सगळं वहिनींच्या हातात.

पुढे मामाला साखरेचा आजार झाला. वहिनींच्या भाच्याला दूरच्या शहरात नोकरी होती, घराजवळ मोठा दवाखाना होता. "आत्या, काकाला मी नेतो, तिथे इलाज बरा होईल," म्हणून तो मामाला घेऊन गेला. जायला एक दिवस आणि एक रात्र लागावी एवढं ते लांब. तेव्हा हातातले फोन नुसते बोलायच्या कामाचे, आणि मामाला फोनचा काय उपयोग? म्हणून वायरमनने घरात कॉम्प्युटर आणला. दर रविवारी वहिनी पडद्यासमोर बसायच्या, पलीकडे मामा. खोलीत एवढ्या गप्पा चालायच्या, आणि आवाज म्हणाल तर फक्त वहिनींच्या बांगड्यांचा. मध्येच दोघं पोट धरून हसायची. वायरमन दारातून विचारायचा, "काय म्हणतोय?" वहिनी म्हणायच्या, "तुमच्यावरच चाललंय, तुम्ही जा."

या कॉम्प्युटरची वायर टाकायला आला होता पक्कड. हा एके काळचा वायरमनचा चेला. शिडीखाली उभा राहून वर पक्कड द्यायचा, म्हणून हे नाव. मोठा झाल्यावर त्याने इंटरनेटचा धंदा धरला आणि चौकात दुकान टाकलं.

"वायर ठेव आणि जा," वायरमन त्याला म्हणाला. "माझ्या भिंतीत दुसऱ्याचा हात नको."

पक्कड वायर ठेवून गेला. वायरमनने ती आपल्या जुन्या नळीतून ओढली. कोपऱ्यावर नळी वळते, तिथे वायर अडली. त्याने ती कापली, आतल्या आठ बारीक तारा रंगाला रंग लावून पिळल्या, पट्टी केली. संध्याकाळी पक्कड बघायला आला, तेव्हा ओट्यावर आम्ही चार माणसं बसलो होतो.

"उस्ताद, हिला मध्ये जॉइंट चालत नाही. अखंड टाकावी लागते. मी दुसरी देतो, फुकट."

"जॉइंट चालत नाही? तुला जॉइंट शिकवला कुणी?"

"तुम्हीच की. पण ही करंटची वायर नाही, उस्ताद."

"मग काय दुधाची आहे?"

आम्ही हसलो. पक्कडही हसला, पण त्याचं हसू जरा वेगळं होतं, समजूतदार. तेच वायरमनला झोंबलं. तेवढ्यात कॉम्प्युटर चालू झाला, पडद्यावर मामा दिसला. वायरमनने पक्कडकडे असं पाहिलं की तो चपला घालून निघूनच गेला. पुन्हा त्या घरी आला नाही. वायरमननेही बोलावलं नाही.

पुढे एका पावसाळ्यात, सकाळीच भाच्याचा फोन आला. मामाच्या पायाची जखम चिघळली होती, विष वर चढत होतं. गुडघ्याखाली पाय काढावा लागणार होता, आणि तोही दुपारच्या आत.

"आत्या, मी चित्र काढून दाखवलं त्याला. तो हसला गं. त्याला वाटतंय, पट्टी बदलायचीय. डॉक्टर म्हणतात, समजावून सांगणारं कुणी असेल तर थोडं थांबतो. मी खाटेपाशी कॉम्प्युटर लावून ठेवलाय. तूच सांग त्याला."

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. एकट्याच भिंतीकडे तोंड करून हात हलवू लागल्या. लहानपणी दारात लिंबाचं झाड होतं. किडलेली फांदी तोडली आणि झाड वाचलं, अशी खूण त्यांनी आधी केली. मग हात थांबले. फांदी पुन्हा फुटते, पाय फुटणार नाही. त्या स्वतःशीच म्हणाल्या, "खोटं नाही सांगायचं त्याला." आणि पुन्हा नव्याने जुळवू लागल्या.

इकडे वायरमनने कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर कोपऱ्यात पिवळी खूण आली, खाली ओळ आली. नेटवर्कचा पत्ता मिळाला नाही.

या यंत्राची रीत अशी. सुरू झालं की ते वायरीतून भिंतीवरच्या इंटरनेटच्या डबीला विचारतं, माझा पत्ता, म्हणजे माझा नंबर काय? डबी नंबर देते. तो मिळाला की मग जगाशी बोलणं. नंबर नाही, तर यंत्र नुसतंच जागं राहतं, दाराबाहेर त्याला कुणी ओळखत नाही.

वायरमनने यंत्र बंद करून चालू केलं. डबी बंद करून चालू केली. तीच ओळ. मग त्याने सवयीने पाहिलं ते डबीवरच्या दिव्याकडे. वायर जिथे डबीत शिरते, तिथला हिरवा दिवा लागला होता.

"दिवा लागलाय. म्हणजे वायर चांगली आहे," तो म्हणाला.

उभ्या आयुष्यात हे खोटं ठरलं नव्हतं. दिवा लागला म्हणजे तार पोचली. पण ही तार उजेड नेणारी नव्हती, शब्द नेणारी होती. जॉइंटच्या पट्टीत ओल शिरून एक तार गंजून हिरवी पडली होती. दिवा लागण्यापुरतं काहीतरी पोचत होतं. विचारलेला प्रश्न मात्र मध्येच विरत होता.

वहिनी येऊन खुर्चीत बसल्या. "झालं का?"

"आत्ता होईल. डबीच बिघडलीय."

त्याने डबी उघडली, पुसली, दुसऱ्या प्लगवर लावली. कॉम्प्युटरचं मागचं झाकण काढलं. मी दारात उभा होतो, म्हणालो, "पक्कडला हाक मारू का?"

"तो काय करणार? वायर चांगली आहे म्हणतोय ना मी."

"अहो, मग मी त्याच्या दुकानात जाऊन बसते. त्याच्याकडे कॉम्प्युटर आहे."

"थांब गं. झालंच. तू उठलीस आणि हे लागलं तर?"

आणि त्या थांबल्या. या माणसाने "झालंच" म्हटलं की उजेड पडतो, हेच त्यांनी लग्न झाल्यापासून पाहिलं होतं. भाच्याचा फोन पुन्हा वाजला. "आत्या, काका पडद्याकडे बघत बसलाय. तुझी खूण करून विचारतोय, कुठे आहे?" वहिनींनी वायरमनकडे पाहिलं. तो टेबलाखाली होता, नुसते पाय दिसत होते.

त्यानंतरचा फोन आला, डॉक्टर आता थांबायला तयार नव्हते, तेव्हा वहिनी उठल्या आणि चपला न घालता चौकाकडे निघाल्या. पक्कड त्यांना पाहताच पत्त्यांचा डाव टाकावा तसं दुकान उघडं टाकून, नव्या वायरीचं वेटोळं खांद्यावर घेऊन पळत आला. कोपऱ्यातल्या नळीकडे त्याने एकदाच पाहिलं. नवी अखंड वायर जमिनीवरूनच ओढली, खोचली. पिवळी खूण गेली. पडदा उघडला.

पलीकडे खाट होती. चादर सरकलेली, उशीला डोक्याचा खळगा. भाचा एकटा बसला होता. "आत्ताच नेलं, आत्या. नेताना तो हसत होता. मला खुणेने म्हणाला, परत आल्यावर जेवू."

पक्कडने उरलेलं वेटोळं उचललं आणि तो मागच्या दाराने गेला. वायरमनने जुनी वायर नळीतून ओढून काढली, जॉइंटवरची पट्टी सोडली, आणि हिरवी पडलेली तार नखाने खरवडत कितीतरी वेळ बसून राहिला.

मामा वाचला. भाच्याने नंतर सांगितलं, शुद्धीवर आला तेव्हा चादरीखाली हात घालून तो पाय चाचपत होता. एकदा, पुन्हा, पुन्हा. मग त्याने हात बाहेर काढले आणि त्या दिवसापासून कुणाशी हलवले नाहीत.

बसता येऊ लागल्यावर त्याला पडद्यासमोर आणलं. वहिनी बोलू लागल्या. किती बोलल्या! कोपऱ्यातल्या नळीकडे बोट करत होत्या; बाकी मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण बांगड्या थांबत नव्हत्या. मामा त्यांच्याकडे बघत होता. हात मांडीवर, त्यावर चादर. तो आंधळा असता तर बरं, असं वाटावं इतकं तो नीट बघत होता.

मग वायरमन पुढे झाला. एवढी वर्षं त्याने या भाषेत जेवण आणि झोप यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. त्याने बायकोकडे बोट दाखवलं. खुर्ची दाखवली, ही इथे बसली होती. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मी. पुन्हा ठेवला. मी.

चादर हलली. मामाचे हात वर आले, पहिल्यांदाच. त्याने वायरमनकडे बघून काहीतरी विचारलं. खूण लहानशी होती, त्यात राग दिसत नव्हता.

"काय म्हणतोय?" वायरमनने विचारलं.

वहिनींना सांगायला वेळ लागला. "विचारतोय, पक्कड तर चौकातच असतो. त्याला का नाही बोलावलं?"

वायरमनने तोंड उघडलं. वहिनींनी त्याचं उत्तर हातांत घ्यायला दोन्ही हात उचलले. पलीकडे मामा त्या हातांकडे बघत होता. आणि वहिनी हात खाली घेईनात.