‘अजून नाही’ असे लिहिलेला डबा

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास रामदासचा फोन आला, तेव्हा मी कळंबच्या घरी टेबलापाशी बसून कालव्याच्या पाण्याबाबतचे तिसरे स्मरणपत्र लिहीत होतो. रामदास माझा शेजारी. त्याच्या आणि माझ्या अंगणात एका शेवग्याच्या झाडाचे अंतर. तो मंचरच्या रुग्णालयातून बोलत होता. “नाना, सायली ऱ्हायली न्हाई,” तो म्हणाला. “टेम्पोनं उडावली. हितं कागद मागत्यात. काय काय लागतंय ते तुमाला म्हाईत असतंय... तुमी या.” न्यायालयात लिपिक म्हणून मी सारी नोकरी काढली आणि निवृत्तीनंतरही गावातले बहुतेक अर्ज माझ्याच हातून जातात, म्हणून त्या घटकेला एका बापाला माझी आठवण झाली. त्याचा जबाब मीच लिहिला. चालकाचा बेदरकारपणा, दुभाजक फोडून केलेली वाट, त्या वाटेबद्दल मी पूर्वी केलेले अर्ज, सगळे त्यात घातले. रामदासने कागदाकडे पाहिलेही नाही. “नाना, थोडक्यात ल्हा,” म्हणाला. त्याची मुलगी सहा वर्षे मला हेच सांगत आली होती.

सायली बारावीत असताना वडिलांच्या सातबाऱ्यावरील दुरुस्तीचा अर्ज न्यायला आली होती. उभ्या उभ्या तिने माझी अडीच पाने वाचली आणि विचारले, “नाना, ह्यात अर्ज कुठंय?”

“सगळा अर्जच आहे.”

“न्हाई. मला लई राग सापडला. मागणी एकदम शेवटच्या ओळीत घावली.”

मी तिला घालवून दिले. दुसऱ्या दिवशी ती अर्ध्या पानाची प्रत घेऊन आली. माझा एकही मुद्दा सुटला नव्हता. फक्त मी दिसत नव्हतो. त्या अर्ध्या पानाला कार्यालयाने उत्तर दिले, आणि कार्यालयांची उत्तरे मला क्वचितच येतात.

पुढे ती लेखनाचा अभ्यासक्रम करण्यासाठी पुण्याला गेली. वर्गातल्या बाकी सगळ्यांना लेखक व्हायचे होते. हिला संपादक व्हायचे होते. मी कारण विचारले, तर म्हणाली, “सगळ्यांनाच लिहायचंय, नाना. कुणीतरी नीट वाचायला नको का?” दर रविवारी ती गावी येई. आमच्या घरातला बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा तिने माझ्या टेबलावर आणून ठेवला होता आणि त्यावर आपल्या अक्षरात ‘अजून नाही’ अशी चिठ्ठी चिकटवली होती. नियम असा, की मी लिहिलेले प्रत्येक पत्र आठ दिवस डब्यात राहील. रविवारी ती डबा उघडे, पेन्सिल काढी आणि माझ्या पत्नीच्या हातचा चहा पीत विशेषणे कापत बसे. “हे गेलं असतं ना, तर त्या साहेबांचं ब्लडप्रेशर वाढलं असतं. तुमचं तर वाढलेलंच आहे.” काहीच कापायचे नसेल, तर पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ती पेन्सिलीने एक बारीक टिंब देई. टिंब म्हणजे वाचले, जाऊ द्या. खुणेशिवाय कागद तिने कधी परत केला नाही.

अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षी पुण्यातल्या एका प्रकाशनसंस्थेत तिला उमेदवारी मिळाली. काम चांगले झाले, तर तिथेच कायम करणार होते. एका वयोवृद्ध लेखकाच्या आत्मचरित्रावर तिने सात महिने काम केले. पुस्तक निघाले त्या रविवारी ती ते घेऊन आमच्याकडे आली. एका परिच्छेदावर बोट ठेवून म्हणाली, “इथं आधी तीन पानं होती, नाना. कळतंय का?” मी म्हणालो, नाही. “मग झालं,” म्हणाली. इतके खूश मी तिला कधी पाहिले नव्हते... ती गेल्यावर मी मनोगत उघडले. लेखकाने टंकलेखकापासून आपल्या डॉक्टरांपर्यंत सर्वांचे आभार मानले होते. सायलीचे नाव नव्हते.

सोमवारी सकाळी मी त्या संस्थेला दोन पाने लिहिली. श्रमाचे श्रेय नाकारणे हा अन्याय कसा आहे, हे कलमवार मांडले. पुरावा म्हणून तो परिच्छेदही नमूद केला: मूळ तीन पाने, आता अकरा ओळी. एक प्रत लेखकाला, एक तिच्या अभ्यासक्रमाच्या विभागप्रमुखांना. पत्र डब्यात ठेवले नाही. तासाभरात मंचरच्या पोस्टातून रजिस्टर्ड केले. ती पावती आजही माझ्याजवळ आहे.

लेखकाचे कच्चे लिखाण बाहेर कोणाला सांगायचे नाही, ही त्या कामातली पहिली अट असते, हे मला ठाऊक नव्हते. मी विचारलेही नव्हते. माझ्या पुराव्यावरून संस्थेला एवढेच कळले, की ही मुलगी आतले बाहेर सांगते. आठवड्याच्या आत तिची उमेदवारी संपली, आणि शिफारसपत्र द्यायला विभागातून कोणी तयार होईना.

ती घरी आली, पण खुर्चीत बसली नाही.

“तुमी मला इचारलं का, नाना?”

“तुझ्या हक्काचा प्रश्न होता.”

“हक्क माझा व्हता ना? मग माझ्याकडं ऱ्हाऊ द्यायचा.”

सायली पुण्याच्या वळणाचे मराठी बोलायला शिकली होती. त्या दिवशी ते तिच्या तोंडी नव्हते.

त्यानंतर तिने मंचरच्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांची आणि हँडबिलांची मुद्रिते तपासण्याचे काम धरले. रोज सकाळी स्कूटर घेऊन महामार्गाने जायची. कायद्याच्या भाषेत माझे पत्र हे तिच्या मृत्यूचे निकटचे कारण ठरत नाही. मध्ये चालक आहे, टेम्पो आहे, फोडलेला दुभाजक आहे. कोणतेही न्यायालय मला या प्रकरणात साक्षीलासुद्धा बोलावणार नाही. हे मी स्वतःला अनेकदा समजावले आहे, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट आडवी येते: मी ते पत्र टाकले नसते, तर त्या मंगळवारी ती पुण्यात असती.

तीन महिने ती आमच्याकडे आली नाही. मग एका रविवारी आली, डबा उघडला आणि पेन्सिल काढली. पूर्वीसारखे नव्हते; चहा अर्धा ठेवून जायची. मला क्षमा मागायची होती. पहिला मसुदा चार पानांचा झाला. त्यात साडेतीन पाने माझा बचाव होता. तो मी तिच्याच पद्धतीने कापत गेलो आणि सात ओळी उरल्या. ‘सायली, मी तुला विचारायला हवे होते,’ ही पहिली. तिचे घर माझ्या दारापासून वीस पावलांवर. पण मी ते पत्र नियमाप्रमाणे डब्यात ठेवले. त्या दिवशी नियम मला सोयीचा वाटला, हे इथे लिहिलेच पाहिजे. तो गुरुवार होता.

रविवारी मी एका लग्नाला जुन्नरला गेलो होतो. परत आल्यावर पत्नी म्हणाली, “सायली येऊन गेली. डबा घेऊन बसली व्हती बराच येळ.” काही बोलली का, विचारले. “न्हाई. चहा मात्र सगळा प्याली.” डबा उघडून बघण्याचे धैर्य मला सोमवारी झाले नाही... आणि मंगळवारी तो फोन आला.

तिच्या दहाव्यानंतर मी डबा उघडला. रेशनकार्डाच्या अर्जातल्या नऊ ओळी कापलेल्या होत्या. वीजजोडणीच्या तक्रारीत कोपऱ्यात टिंब होते. सर्वांत खाली माझे सात ओळींचे पत्र, वर तिचेच नाव असलेले, घडी उलगडलेली. त्यावर पेन्सिलीची एकही खूण नाही.

आपले नाव पाहून तिने ते न वाचताच ठेवले असेल. किंवा वाचले असेल आणि हे आपण तपासायचे पत्र नव्हे, म्हणून हात लावला नसेल. घडी मीच उलगडून ठेवली होती की तिने उलगडली, हेही मला आता शपथेवर सांगता येणार नाही. एखादा माणूस गप्प राहिला, तर त्याचा अर्थ आजूबाजूच्या परिस्थितीवरून काढतात, असे मी नोकरीत शिकलो. इथे परिस्थिती म्हणजे रिकामा झालेला चहाचा कप, एवढीच आहे.

हा लेखही आठ दिवस त्याच डब्यात होता. निम्मा मी कापला. दुभाजकाबद्दलचा मजकूर वेगळ्या अर्जात घातला आहे. तो अर्ध्या पानाचा झाला. क्षमेचे पत्र मात्र डब्यातच आहे. त्याचे आठ दिवस केव्हाच होऊन गेले. रविवारी मी ते बाहेर काढतो, खिडकीशी नेतो, खालचा उजवा कोपरा उजेडात तिरका धरून पाहतो आणि परत ठेवून झाकण लावतो.